उशाशी कुणीतरी हवं : सुरतच्या मराठी माणसांना आवाहन



हे शेवटपर्यंत वाचा. घाईत असाल तर जेवणं उरकल्यावर वाचा, पण आजच वाचा. पावसाळा तोंडावर आला आहे. थोड्याच दिवसांत मलेरिया, डेंगी, कावीळ, लेप्टोचे रुग्ण यायला लागतील. वॉर्ड भरतील, खाटा संपतील, दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडतील. त्यातल्या कुठल्या तरी गादीवर आपल्यातलंच कुणीतरी असेल. डिंडोलीचं, नवागामचं, लिंबायतचं, पांडेसऱ्याचं. त्याच्या उशाशी कोण असेल, एवढं मला तुम्हाला विचारायचं आहे.

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं की पहिला प्रश्न कोणता येतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘दर्दीना सगा कोण छे?’ पेशंटबरोबर कोण आहे? हा प्रश्न कुणी दुष्टपणे विचारत नाही. केसपेपर काढायचा असतो. रक्ताचा नमुना लॅबमध्ये पोचवायचा असतो. एक्स-रेला ढकलत न्यायचं असतं, रिपोर्टसाठी तीनदा खिडकीवर जायचं असतं, आत नसलेलं औषध बाहेरून आणायचं असतं. आपले दवाखाने नातेवाइकांच्या पायांवर चालतात, ही खरी गोष्ट आहे. ज्याच्यासाठी धावायला कुणी नाही, त्याचा कागद गठ्ठ्यात खाली खाली जातो. त्याला कुणी मुद्दाम खाली ढकलत नाही. विचारणारं कुणी नसतं, म्हणून तो खाली जातो. आणि कागदामागोमाग माणूसही जातो.

जून २०२० मधली जळगावची गोष्ट आठवा. आपल्यातल्या कितीतरी जणांचा तो जिल्हा. तिथल्या शासकीय रुग्णालयात ८२ वर्षांच्या एक आजी करोनाच्या रुग्ण म्हणून दाखल होत्या. २ जूनला त्या खाटेवर दिसेनाशा झाल्या. हरवल्याची तक्रार पोलिसांत गेली, बाहेर शोध सुरू झाला. १० जूनला आजी सापडल्या. त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात, मेलेल्या. दुर्गंधी यायला लागली तेव्हा दार उघडलं गेलं. आठ दिवस त्या दारामागे कुणी पाहिलं नव्हतं. आठ दिवस तिथे झाडू फिरला नव्हता. पुढे अधिष्ठातांसह काही जण निलंबित झाले. पण करोनामुळे घरच्यांना आत जाता येत नव्हतं, आणि आत जे होते त्यांच्यातल्या कुणालाही ती आपली आजी वाटली नाही. ओळखीचं एक माणूस जरी त्या वॉर्डात असतं, तर पहिल्या तासातच त्याने विचारलं असतं, ‘आजी कुठे गेल्या?’

तो विचारणारा माणूस तुम्ही व्हा. माझं मागणं एवढंच आहे. पैसे मागत नाही. आठवड्यातला एक तास मागते आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. मजुरा गेटचं सिव्हिल असेल, उमरवाड्याचं स्मीमेर असेल, तुमच्या भागातलं आरोग्य केंद्र असेल. ज्याच्याजवळ कुणी नाही त्याच्याजवळ बसा. बसून काय करायचं, असं विचाराल. सांगते.

बाटली बघा. सलाईन संपत आलं की सिस्टरना हाक मारा. बाटली रिकामी राहिली तर नळीत रक्त उलटं चढतं, रोग्याच्या जिवाचं पाणी पाणी होतं आणि सुई पुन्हा टोचावी लागते. पेला बघा. पाणी टेबलावर ठेवलेलं असतं, पण रोग्याचा हात तिथवर पोचत नाही, आणि ताट जसं आलं तसंच परत जातं. लिहिताना कुणीतरी लिहितं, ‘पेशंट जेवत नाही’. तो जेवत नाही असं नाही, त्याला भरवणारं कुणी नाही. डॉक्टरांना विचारून घ्या आणि चार घास भरवा. पाठ बघा. ज्याला कूस बदलता येत नाही, त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं. तसं झालं नाही तर माकडहाडापाशी, टाचांपाशी कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग जखम थेट हाडापर्यंत उतरते. अपघातातून वाचलेला, लकव्यातून वाचलेला माणूस अशा जखमेने दगावतो. दोन तासांनी वळवायला फार शिक्षण लागत नाही. दोन माणसं आणि एक चादर लागते. सिस्टर एकदा दाखवतील, तुम्ही शिकून घ्या.

आणि बोला. त्याच्या भाषेत बोला. शिंदखेड्याहून आलेली म्हातारी छातीवर हात ठेवून ‘माले दम लागस’ म्हणते. तिच्यासमोरचा तरुण डॉक्टर राजकोटचा असतो, सिस्टर केरळची असते. म्हातारी तेच तीनदा सांगते, मग गप्प होते. गप्प झालेल्या रोग्याला बरं वाटतं आहे असं धरलं जातं. तुम्ही तिथे असाल तर एका वाक्यात डॉक्टरांना सांगाल की हिला श्वास पुरत नाहीये. त्या एका वाक्यासाठी तुमची अहिराणी, तुमची मराठी, तुमची मोडकीतोडकी गुजराती कामी येऊ द्या. ओडिया येणारा शेजारी असेल तर त्यालाही सोबत न्या. गंजामहून आलेला लूमवरचा पोरगाही तिथे तितकाच एकटा असतो.

रोग्याच्या वतीने सांगणारं कुणी हवं, हा प्रश्न आला की मला लेप्टोची आठवण होते. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात हा आजार दरवर्षी डोकं वर काढतो. उंदराच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांमधून अंगात शिरतात. ताप येतो, पोटऱ्या भरून येतात, डोळे लाल होतात. वेळेवर ओळखलं तर साध्या, स्वस्त औषधाने माणूस उठून बसतो. उशीर झाला तर कावीळ, मूत्रपिंड, फुप्फुस असा तो आजार वर चढत जातो. डॉक्टरांना तो पटकन सुचायला हवा असेल तर हा माणूस चार दिवस भाताच्या चिखलात किंवा तुंबलेल्या गटारात अनवाणी उभा होता, हे कुणीतरी सांगायला हवं. तापाने ग्लानीत गेलेला माणूस ते सांगू शकत नाही. सोबतीचा माणूस सांगतो. लकव्याचंही तसंच आहे. मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते पहिलं लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ‘तोंड कधी वाकडं झालं?’ असं डॉक्टर विचारतात. उत्तर द्यायला कुणी नसेल तर तो वेळ गेलाच असं समजावं लागतं. म्हणजे सोबत ही नुसती मायेची गोष्ट नाही. ती उपचाराचाच भाग आहे.

म्हणून माणसाला एकटं पाठवू नका. रिक्षात बसवून ‘जा, दाखवून ये’ म्हणू नका. १०८ आली तर तिच्यात एक जण चढा. त्रास कधी सुरू झाला ते कागदावर वेळेसकट लिहा. घरी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. एवढं आज घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तुमच्यातल्या पन्नाशी उलटलेल्यांना १९९४ चा सप्टेंबर आठवत असेल. आधी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावाकडून गाठींच्या प्लेगची बातमी आली होती. मग तापीचा पूर ओसरला, गणपती झाले आणि सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसं दगावायला लागली. चार दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. उधना स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांच्या दारांना माणसं लटकली होती. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. आणि अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलुपं लावली, ते निघून गेले. ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं हात दाखवायला जात होते, ते ऐन वेळी नव्हते. ते आठवून आजही पोटात कालवतं. पण तेव्हा सिव्हिलमधले तरुण निवासी डॉक्टर आणि परिचारिका मागे राहिल्या होत्या, हेही तितक्याच ठामपणे आठवा. तोंडाला फडकं बांधून त्या रोग्यांपाशी उभ्या होत्या. शहर उभं राहिलं ते आधी त्यांच्यामुळे, आणि मग दुसऱ्या वर्षी आलेल्या आयुक्त एस. आर. राव यांच्या साफसफाईमुळे.

प्लेगात मागे राहणं आपल्या रक्तात आहे, असं मी म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सावित्रीबाई असतात. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतलं एक आजारी मूल सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं आणि त्या दवाखान्यात नेलं. तेव्हा त्यांचं वय ६६ होतं. मूल वाचलं. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपण त्यांच्या तसबिरीला दरवर्षी हार घालतो, मुलींना त्यांच्या शाळेची गोष्ट सांगतो. ही गोष्टही सांगा. त्या पाठीवरच्या मुलाचं आणि त्यांचं नातं काय होतं? काहीही नव्हतं.

आता दवाखान्यात काम करणाऱ्यांशी बोलते. डॉक्टर, सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, तुमच्यातले कितीतरी जण आपल्याच वस्त्यांत राहतात. तुमच्या पायांची मला कल्पना आहे. एक पाळी संपून दुसरी सुरू होते, जोडीची बदली आलेली नसते, एकाच हाताला दोन वॉर्ड सांभाळायचे असतात. दिवसातून शंभरदा ‘अहो, जरा बघा ना’ ऐकल्यावर मन बधिर होतं. तुम्ही मुळात कठोर नव्हता. रोजच्या रगाड्याने तुम्हाला तसं केलं. तरीही एक मागणं आहे. रोग्याला खाटेच्या नंबराने हाक मारू नका, नावाने मारा. चादर ओढण्याआधी ‘चादर काढते हं’ एवढं म्हणा. बाळंतपणाच्या कळांत ओरडणाऱ्या पोरीवर ओरडू नका. ती आयुष्यभर विसरत नाही. तुमची आई त्या खाटेवर असती तर तुम्ही हे सगळं न सांगता केलं असतं, आणि ती बाई कुणाची तरी आईच आहे.

आणि आपण, बाहेरच्यांनी, त्यांच्यावर हात उगारायचा नाही. काही झालं तरी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. सगळा महाराष्ट्र हादरला. औषधं पुरेशी होती का, माणसं किती कमी होती, लांबलांबून अखेरच्या अवस्थेत रुग्ण का पाठवले जात होते, हे सगळे प्रश्न विचारायला हवे होते. त्या गदारोळात एका खासदारांनी अधिष्ठातांना हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं, त्याचे फोटो सगळीकडे फिरले. सांगा, त्याने कुठल्या बाळाच्या उशाशी सिस्टर वाढली? माणूस गेल्यावर काचा फोडणारे पन्नास जण येतात. माणूस जिवंत असताना त्याच्यापाशी बसायला त्यातले दोन जण आले असते तर? तुम्ही त्या दोघांतले व्हा.

आता एक काम सांगते, ते आज रात्रीच करा. सुरतेत रोज माणसं रस्त्यावर पडतात. कुणी रिंग रोडवर गाठोडं डोक्यावर घेऊन जाताना चक्कर येऊन पडतो, कुणी उधन्याला रूळ ओलांडताना धडकतो, कुणी मिलमधून पाळी संपवून येताना. खिशात काही नसेल तर कागदावर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५’ असं चढतं. गावाकडे बायको फोन लावत राहते, इकडे मोबाइल चोरीला गेलेला असतो, आणि माणूस बेवारस म्हणून पडून राहतो. म्हणून एक चिठ्ठी लिहा. नाव, गाव, तालुका, घरच्यांचा नंबर, रक्तगट, मधुमेह किंवा मिरगीसारखं काही असेल तर ते. मराठीत लिहा, गुजरातीत लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाकिटात ठेवा. घरातल्या प्रत्येकाच्या पाकिटात, म्हाताऱ्यांच्या कनवटीला, पोरांच्या दप्तरात ठेवा. भाड्याने खोल्या देणाऱ्यांनो, तुमच्या एकेका खोलीत आठ-दहा पोरं राहतात, त्या सगळ्यांच्या घरचे नंबर तुमच्या वहीत उतरवून घ्या. मिलच्या सुपरवायझरांनो, मुकादमांनो, तुम्हीही घ्या. हजेरीच्या पानावर एक रकाना जास्त लागेल. एखादा दोन दिवस कामावर आला नाही तर ‘पळाला’ म्हणून नाव खोडू नका. आधी सिव्हिलमध्ये जाऊन बघा.

रस्त्यात पडलेला माणूस दिसला तर थांबा. पोलिसांच्या भानगडीला घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केलेले नियम आहेत, आणि २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच तरतूद आहे. अपघातग्रस्ताला दवाखान्यात आणणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याला अडकवून ठेवता येत नाही, त्याच्याकडे बिल मागता येत नाही. आणि दवाखाना ‘खाट नाही’ म्हणून हात वर करू लागला तर हेही माहीत असू द्या. १९८९ साली न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की सरकारी असो वा खासगी, जखमी माणसावर आधी उपचार, पोलिसांची कागदपत्रं नंतर. १९९२ साली बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागलेल्या त्या माणसाला कोलकात्यात एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरवलं गेलं, कुणी दाखल करून घेतलं नाही. शेवटी खासगी दवाखान्यात त्याच्यावर उपचार झाले. त्याच्या बाजूने मजुरांची संघटना उभी राहिली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, आणि त्याला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. म्हणून दारातून मागे फिरू नका. शांतपणे, हात जोडून, पण ठाम उभं राहा. म्हणा, ‘साहेब, आधी बघा. आम्ही इथेच आहोत.’ आयुष्मान कार्ड घरात कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. गुजरातमध्ये २०२३ पासून या योजनेतलं संरक्षण दहा लाखांपर्यंत वाढवलं आहे. ते कार्ड ऐन वेळी गावच्या ट्रंकेत सापडलं तर काय उपयोग?

पुढचं लिहायला जड जातं, पण लिहायलाच हवं. सोडून दिलेले सगळे रोगी अनोळखी नसतात. काहींना आपलीच माणसं आणून सोडतात. म्हाताऱ्या वडिलांना दाखल करायचं, खोटा नंबर लिहायचा आणि निघून जायचं. बरा झालेला म्हातारा मग दारातल्या बाकावर बसून राहतो, डिस्चार्जचा कागद हातात असतो आणि न्यायला कुणी येत नाही. असं करणाऱ्या घराची ओढाताण मला कळत नाही असं नाही. दहा बाय बाराची खोली, दोघंही कामावर, रोजचा खाडा परवडत नाही, म्हाताऱ्याचं सगळं खाटेवर. पण तुम्ही शेजारी आहात ना? मग अशा घरात आधी जा. ‘काका दवाखान्यात आहेत ना, आजची रात्र मी बसतो, तुम्ही झोपा,’ असं म्हणा. सून तीन रात्री बाकावर बसलेली असते. तिला एक रात्र झोप मिळाली तर चौथ्या दिवशी ती सासऱ्याला टाकायचा विचार करणार नाही. डबा न्या. चहा न्या. तिची पोरं संध्याकाळी आपल्या घरी जेवायला बसवा. आपण खानदेशी माणसं मयताला शंभर जण जमतो. रोगी जिवंत असतानाच या.

एकट्याने हे फार दिवस निभत नाही. म्हणून मंडळांना विनंती आहे. श्रावणात आपण कानबाई बसवतो. रोट होतात, रात्रभर जागर होतो, सकाळी वाजतगाजत विसर्जन होतं. सगळी गल्ली न सांगता राबते. कुणी दळण आणतं, कुणी मांडव घालतं. तेवढीच माणसं, तेवढाच उत्साह मला हवा आहे. गणपती मंडळ, भजनी मंडळ, बायकांचं सखी मंडळ, शिक्षक, निवृत्त झालेले काका, सगळे एकत्र बसा. एक वही करा. सात वार लिहा, प्रत्येक वारापुढे चार नावं लिहा. मग दोघं-तिघं जाऊन वैद्यकीय अधीक्षकांना भेटा, लेखी परवानगी मागा. नियम स्वतःलाच घालून घ्या. औषधाला हात लावायचा नाही. डॉक्टरांच्या कामात मध्ये पडायचं नाही. रोग्याचा फोटो काढायचा नाही, म्हणजे नाही. मंडळाचा फलक घेऊन आत जायचं नाही. हात धुवायचे, तोंडाला मास्क बांधायचा, क्षयाच्या आणि संसर्गाच्या वॉर्डात सिस्टर सांगतील तसंच वागायचं.

रुग्णालयात रोगी कल्याण समिती असते. तिच्याकडे जा आणि आमचाही माणूस घ्या, असं सांगा. ही समिती मुळात आपल्याच शहराच्या दुखण्यातून जन्मली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९४ च्या सुरतच्या प्लेगची धास्ती इंदूरने घेतली. तिथलं महाराजा यशवंतराव रुग्णालय उंदरांनी पोखरलं होतं. ते रिकामं केलं गेलं, उंदीर मारले गेले, लोकांनी वर्गणी दिली, आणि त्या कामातून रोगी कल्याण समितीची कल्पना निघाली. पुढे ती देशभर गेली. आणि त्याच रुग्णालयात, २०२५ च्या ऑगस्टअखेरीस, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात उंदरांनी दोन बाळांचे चावे घेतले. दोन्ही बाळं दगावली. मृत्यूचं कारण दुसरं होतं, असं रुग्णालयाने सांगितलं. असेलही. पण अतिदक्षता विभागातल्या बाळापर्यंत उंदीर पोचला, आणि पोचेपर्यंत कुणी पाहिलं नाही, याला काय कारण देणार? एकदा केलेली स्वच्छता जन्मभर पुरत नाही. रोज कुणाचा तरी डोळा हवा. तुमचा डोळा हवा.

हे आपल्याला जमणार नाही, असं म्हणू नका. अंगावर चिंध्या घालून हिंडणाऱ्या गाडगेबाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे टाटा रुग्णालयात येणारे कॅन्सरचे रोगी आणि त्यांची माणसं आजही थोडक्या पैशांत राहतात. आणि ज्या सुरतेत आपण पोट भरायला आलो, तिचीही रीत जुनी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने लिहून ठेवलं आहे की या शहराजवळ आजारी गाई, घोडे, बकऱ्या आणि कुत्र्यांसाठी इस्पितळ होतं. मुक्या जनावराची शुश्रूषा करणाऱ्यांचं हे गाव. इथे बोलणाऱ्या माणसाला पाणी मागून मिळू नये, हे तुम्हालाही पटणार नाही.

तर आज एवढं करा. पाकिटातली चिठ्ठी लिहा. शेजारच्या दारावर थाप मारा आणि कुणाचं कोण दवाखान्यात आहे ते विचारा. येत्या रविवारी गल्लीतल्या पाच घरांना बोलवा आणि वहीवर पहिलं नाव तुमचं लिहा. पाऊस पडायच्या आत सातही वार भरले पाहिजेत.